सडा राहू द्या म्हणणाऱ्या शेवंताताई

गौरवसमितीची मंडळी दुकानापुढं येऊन उभी राहिली तेव्हा मला वाटलं, अभिषेकाचं साहित्य घ्यायला आली असतील. औंढ्याला नागनाथाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं बेल-फुलांचं आणि नारळाचं दुकान आहे. चार माणसं समोर थांबली की माझा हात आपसूक परडीकडे जातो. पण त्यांना परडी नको होती, लेख हवा होता. "शेवंताताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, तुम्ही लिहा," असं ते म्हणाले. मी म्हटलं, अहो, ताईंच्या ओळखीत डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, त्यांच्याकडून घ्या की. मी बी.ए. झाले ती लग्नाआधी, आणि त्यानंतर 'उधारी बंद आहे' ही पाटी सोडून काही लिहिलेलं नाही. त्यावर समितीतले एक वयस्कर गृहस्थ शांतपणे म्हणाले, "डॉक्टरांचे लेख आलेत. ताईंच्या समोर बाकावर आडवं होऊन भांडलेल्या माणसाचा पाहिजे."

एवढी कीर्ती आधीच पसरली असेल तर लपवायचं तरी काय? म्हणून लिहायला बसले आहे.

श्रीमती शेवंताताई आडे यांना हिंगोली जिल्ह्यात आज न ओळखणारं माणूस विरळा. सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर त्यांचा जन्म झाला. तांड्यावरून मानसशास्त्र शिकायला बाहेर पडणाऱ्या त्या पहिल्याच. शिकून मोठ्या शहरात राहता आलं असतं, पण त्या परत आल्या आणि हिंगोलीतल्या एका रुग्णालयात समुपदेशक म्हणून रुजू झाल्या. लांबत जाणाऱ्या आजारांची माणसं त्यांच्याकडे येतात. त्यातही आतड्यांच्या जुनाट दाहाचे रुग्ण, आणि त्या रुग्णांना येणारा थकवा, हे ताईंनी आपलं काम मानलं. थकव्यासाठी समुपदेशन असतं हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आपल्याकडे दमलेल्या माणसाला चहा देतात, फार झालं तर लिंबू-सरबत.

माझा आजार थोडक्यात सांगते. गौरी, माझी मुलगी, लहान असतानाच मला रक्त पडायला लागलं. आधी मूळव्याध समजून गावठी औषधं झाली. मग नळी घालून तपासणी झाली आणि कळलं की मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत. डॉक्टर त्याला कोलायटिस म्हणाले. वर्षभर औषधं चालली. डॉक्टर चांगले, औषधं लागू पडली, रक्त थांबलं. पुढच्या तपासणीत आतडं शांत दिसलं. डॉक्टरांनी अभिनंदन केलं, घरी पेढे आले. आणि मी मात्र त्या पेढ्यांचा पुडा सोडायला बसले तर सुतळीची गाठ सोडवेपर्यंत घामाघूम.

हा थकवा ज्याला आला नाही त्याला समजावून सांगणं फार अवघड. कष्टानं येतो तो शीण वेगळा. तो झोपला की जातो. हा झोपून उठलं तरी उशाशीच बसलेला. बेल निवडायला बसले की तिसऱ्या डहाळीला मान खाली. गिऱ्हाईक विचारतंय नारळ केवढ्याला, आणि मला तोंड उघडायचा कंटाळा. कंटाळा तरी कसं म्हणू, ताकदच नाही. रिपोर्ट चांगला, रंग बरा, जेवण जातं, मग हिला झालंय तरी काय? शेजारणी म्हणायच्या, "सुख टोचून राहिलं." सासूबाई उघड काही म्हणत नव्हत्या, पण भांडी जरा जोरात आपटायच्या. गौरीचे बाबा मृदंगासारखे, दोन्हीकडून मार खाणार आणि आवाज मात्र दुसऱ्याचाच काढणार.

त्या पावसाळ्यात घरात ठरलं की दिवाळीला नणंदबाई भाऊबीजेला येतील तेव्हा गौरीला सोबत परभणीला न्यायचं. तिथंच शाळेत घालायचं. गौरी तेव्हा दुसरीत होती. नणंदबाई मनाच्या वाईट नाहीत, उलट फार मायाळू. त्यांचा विचार सरळ होता, आईला उठवत नाही तर लेकराचे हाल कशाला? मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं तर सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "मंग तिचं करायचं कुणी?" त्या दिवसापासून दिवाळीचा आकाशकंदील कुणाच्या दारात दिसला तरी मी तोंड फिरवायची.

अशा अवस्थेत डॉक्टर म्हणाले, "तुम्ही एकदा शेवंताताईंना भेटा." त्यांच्या दारावरची 'मानसशास्त्रीय समुपदेशन' ही पाटी वाचली आणि माझं डोकं फिरलं. सगळ्यांनी मिळून शेवटी मला वेडी ठरवलं तर. मी आत शिरले ती तोंड सोडतच. "आधीच सांगते, मी येडी न्हाई. मला आतड्याची बिमारी हाय. तुमच्या डॉक्टरला विचारा."

ताई उठल्या. दार लावलं, पंखा थोडा कमी केला आणि भिंतीकडच्या बाकावरच्या वस्तू उचलून बाजूला ठेवल्या. मग म्हणाल्या, "तुमी येड्या न्हाईत. तुमी दमलेल्या हायत. आडव्या व्हा. पडल्या पडल्या भांडा, चालतंय मला."

मी आडवी झाले. वर्षात पहिल्यांदा कुणीतरी मला दिवसाढवळ्या आडवं व्हायला सांगत होतं. ताईंच्या ध्यानात आलं की खुर्चीवर बसलेल्या त्यांच्याकडे बघायला मला मान वर करावी लागते. त्यांनी खुर्ची सरकवली आणि खाली सतरंजीवर बसल्या, माझ्या तोंडाच्या समोर तोंड येईल अशा. एवढ्या शिकलेल्या बाई माझ्यासाठी जमिनीवर बसल्या, या एका गोष्टीनं माझं भांडण निम्मं संपलं. उरलेलं निम्मं मी रडून संपवलं.

त्यांनी मला पहिल्यांदा काय सांगितलं ते माझ्या कायम लक्षात राहिलं आहे. "तुमची तकलीफ खरी हाय. आतड्याची आग विझली, पण आग विझली म्हणून जळालेलं घर दुसऱ्या दिवशी उभं ऱ्हातं का? थकवा तुमच्या मनातला न्हाई. पण त्याच्यासंगं दिवस कसा काढायचा, ते मनाला शिकावं लागतं. तेवढंच माझं काम." असं म्हणून त्यांनी मला आधी परत डॉक्टरांकडे धाडलं, रक्त, थायरॉईड, जीवनसत्त्वं सगळं तपासून घ्यायला. लोह कमी निघालं, त्याचं औषध झालं, थोडा फरक पडला. "आता जे उरलं ते आपल्या दोघींचं," ताई म्हणाल्या.

ताईंची काम करण्याची रीत मी नंतर वर्षानुवर्षं जवळून पाहिली, आणि दर वेळी तोंडात बोट घातलं आहे. त्या रुग्णाला 'कसं वाटतंय' असं कधी विचारत नाहीत. आपल्या भागातल्या माणसाला कसं वाटतंय विचारलं की तो 'बरं हाय' म्हणतो. मरायला टेकलेला माणूसही म्हणतो. म्हणून ताई विचारतात, "आज काय राहिलं?" म्हणजे करायचं होतं आणि करता आलं नाही असं काय. त्या प्रश्नाला 'बरं हाय' हे उत्तरच बसत नाही.

साखरा गावचे एक शेतकरी गृहस्थ होते, त्यांनाही हाच आजार. बुधवारी ताई अशा रुग्णांना एकत्र बसवतात, तिथं ते यायचे. मिशीला पीळ, आवाज खणखणीत. थकवा येतो का म्हटलं की म्हणायचे, "मर्दाला कसला थकवा?" ताईंनी त्यांना तोच प्रश्न विचारला. गृहस्थ बराच वेळ टोपीची घडी उलगडत आणि घालत बसले. मग म्हणाले, "बैलायच्या पाठीवर हात फिरवायचं राहिलं. कवापासून राहिलं. गडी चारा टाकतो, पर हात म्याच फिरवायचो." आणि तो सहा फुटी माणूस सगळ्यांसमोर टोपीत तोंड लपवून बसला. ताईंनी कुणालाही मधे बोलू दिलं नाही. मग म्हणाल्या, "उद्या उठल्यावर पहिलं गोठ्यात जायाचं. बाकी शेत नंतर." ते गृहस्थ आजही येतात. नव्या माणसाला 'मर्दाला कसला थकवा' असं म्हणू देत नाहीत.

माझ्या वेळीही तसंच झालं. काय राहिलं विचारल्यावर मी धडाधडा सांगितलं, दुकान राहिलं, दळण राहिलं, धुणं राहिलं. ताई ऐकत होत्या. म्हणाल्या, "हे सगळं दुसऱ्याचं राहिलं. तुमचं काय राहिलं?" मग जे तोंडातून आलं ते मलाच ठाऊक नव्हतं. "गौरीची वेणी. सासूबाई घालतात. मला हात वर धरवत न्हाईत."

ताई म्हणाल्या, "मंग सकाळी उठल्यावर जी काही ताकद असंल, ती पहिली तिथं लावायची. बसून घाला. भिंतीला टेकून घाला. पोरीला खाली बसवा, म्हंजी हात वर धरावे लागायचे न्हाईत."

"आन् सडा?" मी विचारलं. आमच्या घरात सून उठली की आधी अंगण झाडणार, सडा टाकणार, रांगोळी काढणार. देवळाच्या वाटेवरचं घर, जाणारा-येणारा बघतो.

"सडा राहू द्या," ताई म्हणाल्या.

सांगायला सोपं, पण ज्या घरात हे करायचं होतं तिथं ते सोपं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी भिंतीला टेकून गौरीची वेणी घालत बसले आणि सासूबाईंनी दारातलं कोरडं अंगण पाहिलं. "दारात सडा न्हाई, आन् राणीसाहेब बसल्यात नट्टापट्टा करत." वेणी वाकडी झाली. तरी गौरी शाळेत गेली आणि मी पडून राहिले, पण रोजच्यासारखी रिकामी होऊन नव्हे. काहीतरी झालं होतं दिवसात.

महिना-दीड महिना असं चाललं. आणि मग मी माती खाल्ली. नवरात्राच्या आधी आपल्याकडे घर धुऊन काढतात, घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुतल्याशिवाय घट बसत नाहीत. त्या आठवड्यात एका सकाळी मला बरं वाटलं. खरंच बरं, डोळे उघडले तर अंग हलकं. मनात आलं, आज दाखवते सगळ्यांना. घरातल्या झाडून साऱ्या गोधड्या बांधल्या, पाण्यावर नेल्या आणि आपटून आपटून धुतल्या. भिजलेली गोधडी किती जड होते ते बायकांना सांगायला नको. दोरीवर, कुंपणावर, दगडांवर रंगीबेरंगी गोधड्या वाळत पडल्या. येणारी-जाणारी म्हणत होती, "मीरा बरी झाली गं." मला वाटलं, आता गौरी कुठं जात नाही.

दुसऱ्या दिवशी मला उठता आलं नाही. तिसऱ्याही नाही. सगळं नवरात्र मी आडवीच होते. घटाला माळ सासूबाईंनी घातली, देवळाच्या गर्दीत दुकान गौरीच्या बाबांनी एकट्यानं ओढलं. आणि सासूबाईंचं जे मत होतं त्यावर शिक्कामोर्तब झालं. "गोधड्या धुवाया जमतंय, आन् दुकानात बसाया न्हाई? म्हंजी मनात असलं की हुतंय." त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, खोटं कशाला बोलू.

ताईंपुढं गेले ती मान खाली घालून. वाटलं, आता रागावतील. एवढं शिकवलं आणि मी पालथ्या घड्यावर पाणी केलं. ताईंनी विचारलं, "धुताना बरं वाटलं का?" मी म्हटलं, लई बरं वाटलं. त्या हसल्या. "वाटणारच. चांगला दिवस आला की आपलं माणूस तो सगळाच्या सगळा खर्चून टाकतं. मला सांगा, गोधड्या कुणासाठी धुतल्या?" मी म्हटलं, घटासाठी. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, सासूबाईंसाठी. त्या तरी बघतच. मग मी म्हटलं, "गौरीला नेऊ नये म्हणून."

त्यावर ताई म्हणाल्या, "कामानं हे सिद्ध व्हायचं न्हाई, मीराबाई. जेवढं सिद्ध करायला जासाल, तेवढ्या पडसाल. मी येते तुमच्या घरी."

आणि खरंच आल्या. सुट्टीचा दिवस, ऊन मी म्हणत होतं, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आल्या. आधी दुकानातून बेल घेतला, पैसे घ्यायला लावले, दर्शन करून मग घरात टेकल्या. मला वाटलं होतं की त्या सासूबाईंना आजार समजावून सांगतील. त्यांनी आजाराचा शब्दही काढला नाही. सासूबाई गल्लीतल्या बायकांची बाळंतपणं करण्यात वाकबगार, हे त्यांनी माझ्याकडून ऐकलं होतं. त्याचीच चौकशी सुरू केली. सासूबाई खुलल्या. "निम्म्या गल्लीची लेकरं ह्याच हातानं न्हाऊ घातलीत."

"मावशी, बाळंतिणीला सव्वा महिना तुमी उठू देत न्हाईत. काहून?" ताईंनी विचारलं.

"काहून म्हंजी? आंगातलं रगत गेल्यालं असतंय. हाडं वली असतेत. उठली तर जलमाचं दुखणं लागतंय."

"आन् तिनं उठते म्हणलं तर?"

"उठती कशी? म्या बसलेली असते ना उंबऱ्यात."

ताई म्हणाल्या, "तुमच्या सुनेचंबी रगत गेलंय मावशी. वर्षभर जात व्हतं. तिला सव्वा महिना कुणी दिला न्हाई."

सासूबाईंचा हात सुपारी कातरता कातरता थांबला. मग त्या म्हणाल्या ते मला फार लागलं, पण ते खरं होतं. "बाळंतीण दिसती तरी. मांडीवर लेकरू असतंय. हिचं काय दिसतंय?"

"काईच दिसत न्हाई," ताई म्हणाल्या. "म्हणून तर ती गोधड्या धुवाया गेली. दिसावं म्हणून."

सासूबाईंनी विचारलं, "मंग हिचा सव्वा महिना कवा सरंल?" दुसरं कुणी असतं तर गोड बोलून मोकळं झालं असतं. ताई म्हणाल्या, "ते मला सांगता येत न्हाई. सांगितलं तर खोटं हुईल. काही दिवस बरे जातील, काही पडेल जातील. पडेल दिवशी तिला बोलू नका. आन् बऱ्या दिवशी तिला आवरा. बाळंतिणीला आवरता तसं, उंबऱ्यात बसून."

मी ताईंच्या कामापुढं नतमस्तक होते ती या जागी. त्यांनी सासूबाईंना काहीच नवं शिकवलं नाही. त्यांना येत होतं तेच त्यांच्या हातात दिलं, आणि हे करताना त्यांचा मान तसूभरही कमी होऊ दिला नाही. जाताना सासूबाईंनी त्यांना कुंकू लावलं, ओटी भरली. आणि मला म्हणाल्या, "सडा म्या टाकीन उद्यापासून. पर वेणी नीट घाल, पोरगी वाकडी वेणी घेऊन गाव हिंडती." मी गौरीचं विचारायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "ते ठरलंय ते ठरलंय. लेकराच्या भल्याचंच हाय."

म्हणजे अजून माझं लेकरू जाणारच होतं.

ताईंच्या मायेच्या कितीतरी गोष्टी सांगता येतील. त्या दिवसांत औंढ्याहून हिंगोलीला जाताना मला सगळ्यात मोठी धास्ती असायची ती वाटेत पोटात कळ आली तर काय करायचं याची. आतड्याचा रुग्ण आधी जागा शोधतो, मग गाव बघतो. ताईंनी सगळ्या वाटेवर कुठं स्वच्छ सोय आहे ते स्वतः हिंडून पाहून ठेवलं होतं. एका चहाच्या हॉटेलमालकाकडे जाऊन त्याला बजावलं होतं की माझी माणसं आली तर मागचं दार उघडायचं, कारण विचारायचं नाही. एकदा मी तिथं घाईघाईनं उतरले. त्या मालकानं माझं तोंड पाहिलं आणि उकळता चहा ढवळत एवढंच म्हटलं, "ताईची माणसं का? जा, मागं डाव्या हाताला." मला त्या क्षणी देवळातल्या देवापेक्षा ताई मोठ्या वाटल्या. देवाच्या दारात दुकान असूनही हे लिहिते आहे.

दिवाळी जवळ आली. ताईंनी मला विचारलं, "भाऊबीजेच्या दिवशी तुम्हाला ताकद कशासाठी लागंल?" मी म्हटलं, बोलायला. "मंग तेवढ्यासाठीच ठेवायची. लाडू-चकल्या करून नणंदबाईंना दाखवायच्या न्हाईत. लोक बोलतील. बोलू द्यायचं." माझ्याइतकी दिवाळी कुणाला जड गेली नसेल. शेजारच्या घरांतून तळणाचा वास येतोय, आणि मी भिंतीला टेकून बसलेली. एकदा उठून झारा हातात घेतलाच होता. सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. "ठिव तो," एवढंच म्हणाल्या. चिवडा त्यांनीच केला.

भाऊबीजेला नणंदबाई आल्या. ओवाळणं झालं, जेवणं झाली. नणंदबाई मला म्हणाल्या, "वहिनी, गौरीचे कपडे भरलेत का? उन्हं उतरायच्या आत निघावं म्हणते." मी भरले नव्हते. मी म्हटलं, "बसा, मला बोलायचंय." ताईंपुढं हेच दोनदा बोलून सराव केला होता. "मला रोज जी ताकद मिळती ती मूठभर हाय. म्या मनाला येईल तसं करून पाहिलं, ती वाढत न्हाई. ती मूठ म्या रोज सकाळी पहिल्यांदा ह्या लेकराला देते. उरली तर दुकानाला, उरली तर घराला. बहुतेक दिवशी उरत न्हाई. वन्सं, तुमी तिला माझ्यापेक्षा चांगलं जपताल, मला ठाऊक हाय. पर तिला नेलं तर ती सकाळची मूठ म्या कुणाला देऊ? मी उठूच कशाला?"

नणंदबाईंचे डोळे भरले. त्या म्हणाल्या, "पर वहिनी, लेकराचे हाल..."

आणि कोपऱ्यातून सासूबाई बोलल्या. "तुझी दोन बाळंतपणं म्या केली. सव्वा-सव्वा महिना तू पडून व्हतीस. तवा तुझं लेकरू तुझ्या कुशीतनं काढून दुसरीच्या घरी धाडलं का कुणी? लेकरू आईजवळ ऱ्हातंय, आन् घर दोघींचं करतंय. पोरगी हितंच ऱ्हाईल." मग गौरीच्या बाबांकडे बघून म्हणाल्या, "काय रे, बोल की." ते म्हणाले, "व्हय, हितंच ऱ्हाईल." मृदंग पहिल्यांदा स्वतःच्या सुरात वाजला. नणंदबाई एकट्याच गेल्या. जाताना माझ्या गळ्यात पडून गेल्या, आणि आजही आमचं सख्य आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोष्ट घडली. माझा दिवस पडेल होता. बोलण्यातच सगळं संपलं होतं. गौरी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आई, मला भूक लागली. शिरा कर." मी म्हटलं, "आज मला जमत न्हाई बाळा, आजी करील." तर तिनं जमिनीवर फतकल मारली आणि भोकाड पसरलं. "आजीचा नको, तूच कर." पाय आपटून आपटून रडली. सासूबाई धावत आल्या, आणि मी अंथरुणावर हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कारण तेव्हा मला उमगलं की वर्षभरात या लेकरानं माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं. खाऊ नाही, गोष्ट नाही, हट्ट नाही. आई दमेल म्हणून ते सात वर्षांचं पोर गप्प बसायला शिकलं होतं, आणि मी त्याला शहाणपणा समजत होते.

ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. मी त्यांना कधी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "आता तिला कळलं, आई कुठं जात न्हाई, आन् आपल्यालाबी कुणी नेत न्हाई. म्हणून रडली."

माझा थकवा संपला का, असं लोक विचारतात. नाही संपला. मधे एकदा आजारानंही परत डोकं वर काढलं होतं. पण आता मी आणि तो थकवा, आम्ही दोघं एका घरात राहायला शिकलो आहोत. दुकानात माझ्या जागेमागं बाज टाकलेली आहे, आणि जे गिऱ्हाईक तिच्याकडे बघून तोंड वाकडं करतं त्याला मी बेल दोन पानं कमीच देते. बुधवारी मी हिंगोलीला जाते आणि नव्या बायकांजवळ सतरंजीवर बसते. ताईंनी मला ते शिकवलं. गौरी आता अकरावीत आहे. दिवसातून दहा वेळा माझ्याशी भांडते, हे हवं, ते हवं, तुला काही कळत नाही. तिचं भांडण कानावर आलं की मला ताईंना हात जोडावेसे वाटतात.

साठीनिमित्त ताईंना दीर्घायुष्य चिंतायचं, तर मी ते देवापाशी मागते आहे आणि निव्वळ स्वार्थानं मागते आहे. आपल्या जिल्ह्यात अजून कितीतरी घरांत आई भिंतीकडे तोंड करून पडलेली आहे, आणि भूक लागली तरी लेकरू दाराशी गप्प उभं आहे. ताईंना निरोगी, भरपूर आयुष्य मिळो, त्यांचे गुडघे त्यांना साथ देवोत, आणि तिथलं लेकरू हट्टानं भोकाड पसरेपर्यंत ताई अशा एकेका घरात जात राहोत.